सावली वेगळी पुसावी लागते

चितेगाव
२० नोव्हेंबर २०१२

भारत,

आशीर्वाद पोचले असं धर. कॅमेराही पोचला, पण भाऊबीज होऊन गेल्यावर. कुरिअरवाला आपल्या गावात येत नाही, म्हणून मी कामाला असते त्या उस्मानपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात टाकून गेला. मालक आप्पासाहेब म्हणाले, "रत्नमाला, भाऊ असावा तर असा." मी म्हटलं, व्हय. दुकानात गर्दी होती.

डब्यात तुझी चिठ्ठी होती. "आक्का, सगळी फीचर्स बघ आणि कसा वाटला ते कळव." एवढीच. आई कशी आहे हे विचारायला कागदावर भरपूर जागा होती, मी मागची बाजूही बघितली. असो. तू कॅमेऱ्याचं विचारलंस, मी कॅमेऱ्याचंच कळवते. पत्रानं कळवते, कारण फोनवर बोललेलं तू नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणतोस, आणि मेलला तुझं उत्तर "ओके" एवढंच येतं.

चालू केल्या केल्या तो आधी तारीख विचारतो आणि मग घर विचारतो. मेनूत एक घराचं चित्र आहे, एक विमानाचं. घड्याळ लावायला घर कुठलं ते यादीतून निवडायचं. यादीत आपल्या बाजूचं गाव एकच, दिल्ली. ती निवडली. तेव्हापासून आपलं घर दिल्लीत आहे. तू विमानाच्या चित्राखाली असशील. भाषांमध्ये मराठी नाही. हिंदी आहे, पण ती हिंदी कळायला आधी इंग्रजी यावं लागतं, म्हणून परत इंग्रजीच ठेवली.

मेनू तसा नीट लावलेला आहे. फोटोचं एका पानावर, कॅमेऱ्याचं दुसऱ्या पानावर. फक्त बटणं फार बारीक. आईच्या अंगठ्याखाली दोन-दोन एकदम दाबली जातात आणि कॅमेरा गोंधळून बंद पडतो. ती म्हणते, "माह्या हातात काय चालू राहतंय आता?"

चेहरा ओळखण्याची सोय आहे. समोर माणूस आला की त्याच्या तोंडाभोवती पिवळी चौकट येते आणि कॅमेरा तिथंच लक्ष देतो. माझ्या तोंडाला आली. आप्पासाहेबांच्या आली. खालच्या रानात बांधावरच्या म्हसोबाला तर लगेच आली, कारण त्या शेंदराच्या धोंड्याला चांदीचे डोळे आहेत. आईला आली नाही. तिला उभं केलं, बसवलं, उन्हात नेलं, सावलीत नेलं. काही उपयोग नाही. पदर कपाळावर आणि नजर खाली. जन्मभर मेंढरांमागं चालली, तिला जमिनीकडं बघायची सवय. मी म्हटलं, वर बघ. म्हणाली, "वर काय हाय बघायला? ढग बी नाय."

भाऊबीजेला दरवर्षीप्रमाणं चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका असं करतात, आणि भाऊ असून न येणाऱ्यांच्या बहिणीही. कॅमेरा आल्यावर चंद्राचा फोटो काढून बघितला. काळ्यावर पांढरा ठिपका येतो. झूम केला तर ठिपका मोठा होतो, एवढंच.

डब्यात सॉफ्टवेअरची सीडीही आहे, ती अजून उघडली नाही. उघडली की लिहीन.

रत्नमाला

चितेगाव
१४ जानेवारी २०१३

भारत,

तिळगूळ घे वगैरे. पाठवलेला नाही, कारण तीळ आणले ते आईनं देवापुढं ठेवले आणि उरले ते आम्ही दोघींनी खाल्ले.

यावेळी हसण्याच्या सेटिंगबद्दल लिहिते. मेनूच्या पहिल्याच पानावर आहे. ते चालू करून कॅमेरा नुसता ठेवून द्यायचा. समोरचं माणूस हसलं की तो आपोआप फोटो काढतो, बटण दाबावं लागत नाही. माहितीच्या पुस्तकात एका गोऱ्या कुटुंबाचं चित्र आहे, सगळे गवतावर बसून हसताहेत.

मी तो अंगणात स्टुलावर ठेवला. समोर आई शेणी रचत होती, मी टँकरच्या पाण्याच्या घागरी आत नेत होते. शेजारच्या सुगंधाबाई पाण्यावरून भांडून गेल्या. बराच वेळ कॅमेऱ्यानं काही केलं नाही. मला वाटलं, बिघडला. मग तुझी इथली कामं बघणारा सांडू आला. फटकन आवाज झाला.

फोटो चांगला आलाय. सांडूचे सगळे दात स्वच्छ दिसतात, हातातली प्लास्टिकची फाईलही. फाईलमध्ये तू पाठवलेलं हक्कसोडपत्र. आईनं विचारलं, "काय म्हनतोय भारत?" तर सांडू म्हणाला, "काकू, भारतशेठनं लई आठवन काढली. फकस्त सही नि अंगठा पायजे."

मी कागद वाचला, मी रोज असले कागद टाइप करते. दादा गेल्यापासून खालच्या रानाच्या सातबाऱ्यावर आई, तू आणि मी अशी तीन नावं आहेत. कागदात लिहिलंय की आम्ही दोघी राजीखुशीनं आमचा हिस्सा तुला सोडतो. म्हणजे विहीर, म्हसोबा, मेंढरं बसायची जागा, सगळं. सांडू म्हणाला, पैठण रोडला आता कंपन्यांच्या मागं वस्ती येणार, पुण्याच्या तुझ्या भागीदारांनी रान बघून ठेवलंय, प्लॉट पडणार.

रीत मला माहीत आहे. बहिणीनं सही करायची, भावानं साडीचोळी करायची, आणि माहेर शाबूत राहिलं म्हणायचं. आपल्या आत्यांनी तेच केलं. मी मात्र भाबडी. साडीच्या जागी कॅमेरा आलाय हे मला आज, संक्रांतीला कळलं. माझ्या सासरचं दार बंद झालं तेव्हा मी याच घरात परत आले. आता हे माहेर माझ्या नावाचं असलं काय, नसलं काय, मला दुसरीकडं जायला जागा नाही. तू हे सगळं जाणतोस.

तरी मी नाही म्हटलेलं नाही. सांडूला सांगितलं तेच तुला लिहिते. तू ये. दादांच्या दहाव्यानंतर तू या उंबऱ्यात आलेला नाहीस. आईसमोर बस, तिच्या हातची भाकर खा आणि स्वतःच्या तोंडानं माग. मी सही करीन. साडी नको.

हसण्याचं सेटिंग बंद केलं आहे. बॅटरी फार खातं.

रत्नमाला

चितेगाव
१८ मार्च २०१३

भारत,

तू आला नाहीस, तुझा मेल आला. पहिल्यांदाच "ओके"पेक्षा लांब. खालच्या रानाचे चांगले फोटो हवेत, भागीदारांना दाखवायचे आहेत, "आक्का, जरा हिरवं दिसेल असं बघ."

मी मेल दोनदा वाचला. मार्च चालू आहे. विहिरीत दोर सोडला तर कोरडा वर येतो. जनावरांच्या छावणीत गाई-बैलं घेतात, मेंढरं घेत नाहीत. म्हणून आईनं आपली मेंढरं फकिरामामाच्या कळपात घालून सिल्लोडकडं पाठवली, तिकडं मक्याचं काही उभं असेल या आशेवर. दोन म्हाताऱ्या मेंढ्या चालण्यासारख्या नव्हत्या, त्या तेवढ्या घरी आहेत. आणि तुला हिरवं पाहिजे.

पण तू सगळी फीचर्स बघायला सांगितलं होतंस, तर एक आहे. रंग बदलायचं. मेनूत पार आत दडवलंय, चटकन सापडत नाही. आधी एका रंगावर कॅमेरा रोखून तो रंग पकडायचा, मग त्याच्या जागी कुठला हवा तो दाखवायचा. लाल गाडी निळी करता येते असं पुस्तकात चित्र आहे. मी ढेकळावर रोखला आणि मातीचा रंग पकडला. मग सुगंधाबाईंच्या हिरव्या लुगड्यावर रोखला. त्या नकोच म्हणत होत्या, त्यांना वाटलं सरकारी काहीतरी आहे.

आईला रानाच्या मधोमध उभं केलं, बांधावरच्या बाभळीजवळ. संध्याकाळचं ऊन होतं. हातात तिची फांद्या ओढायची आकडी, खांद्यावर घोंगडी. फोटो निघाला. भारत, काय सांगू. सगळं रान हिरवंगार. बांध हिरवा, ढेकळं हिरवी, कोरड्या विहिरीचे दगड हिरवे. आणि आई पण हिरवी. तोंड, हात, पोटऱ्या, टाचा, सगळं त्याच हिरव्यानं भरलं. तिचा रंग आणि त्या रानाचा रंग कॅमेऱ्याला वेगळा काढता आला नाही.

आईला दाखवला तर लई हसली. मला वाटलं ते हसण्याचं सेटिंग बंद करायला नको होतं. म्हणाली, "जित्रापं आसती तर मलाच खाल्लं आसतं."

मग सीडी उघडली. दुकानात कॉम्प्युटरवर टाकली. सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात: चढायला वेळ फार घेतं, आपलं नाव-पत्ता-ईमेल विचारतं, न दिलं तर रोज विचारतं. फोटोंचे गठ्ठे तारखेनं लावतं ते बरं आहे. एक ब्रश आहे, तो फिरवला की फोटोतला माणूस निघून जातो आणि मागचं रान त्या जागी भरून येतं. मी जानेवारीतल्या सांडूवर करून बघितलं. सांडू छान गेला. फाईल पण गेली. पण अंगणात त्याची सावली तशीच उरली, हात पुढं केलेली. सॉफ्टवेअरला माणूस कळतो, ती सावली कुणाची हे कळत नाही. सावली वेगळी पुसावी लागते. हे माहितीच्या पुस्तकात कुठंही दिलेलं नाही, म्हणून तुला मुद्दाम कळवते. तुमच्या धंद्यात माणसं पुसायचं काम बरंच असेल.

हिरव्या आईचा फोटो तुला मेल केला आहे. असलं हिरवं आमच्याकडं शिल्लक आहे, बघ.

रत्नमाला

चितेगाव
२४ मे २०१३

भारत,

तुझं उत्तर आलं. "ओके. मस्त."

आज कॅमेऱ्याचं काही लिहिण्यासारखं नाही. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. तिचं म्हणणं, मीच अडवून धरलंय म्हणून तू येत नाहीस. सांडू रोज येऊन तिच्या कानाला लागतो. "काकू, ताईनं सही केली की भारतशेठ दुसऱ्या दिशी हजर." तिला ते खरं वाटतं. परवा भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "रान घिऊन काय करतीस? माहं लेकरू तोडलंस तू." मी तोडलं. मी, जी रोज उस्मानपुऱ्यातून परत येताना तिच्या गोळ्या घेऊन येते.

लई लागलं. तुला लागावं म्हणून लिहिते आहे, पण लागणार नाही हेही माहीत आहे.

तर तू जिंकलास. सोमवारी सांडूच्या जीपमधून आम्ही दोघी पैठणला कचेरीत जातो आहोत. मी सही करते, आई अंगठा देते. आई आजपासूनच तू येशील म्हणून ज्वारी निवडत बसली आहे. कॅमेरा बरोबर नेणार आहे. आईची इच्छा, कचेरीत फोटो काढायचा आणि तुला पाठवायचा.

रत्नमाला

चितेगाव
२८ मे २०१३

भारत,

सोमवारी काय झालं ते सांडूनं तुला त्याच्या पद्धतीनं सांगितलं असेल. मी माझ्या पद्धतीनं सांगते.

सकाळीच निघालो. आईनं इरकली नेसली होती, दादांच्या वेळची. आकडी बरोबर घेतली. मी म्हटलं, कचेरीत कशाला? तर म्हणाली, "आसू दे, हाताला सवय हाय." ती पुढं सांडूजवळ बसली, मी मागं. गाव सुटलं आणि रस्त्याच्या कडेला भलं मोठं नवं होर्डिंग दिसलं. लोखंडाचे खांब अजून लाल रंगाचे होते. "हिरवळ सिटी. निसर्गाच्या कुशीत आपलं हक्काचं घर. बुकिंग सुरू." मागं हिरवंगार रान.

मला ओळखायला वेळ लागला. ते हिरवं सुगंधाबाईंच्या लुगड्याचं आहे, एवढं कळलं. मग बाभूळ दिसली. तेवढ्यात आई ओरडली, "सांडू, थांबीव गाडी."

सांडू म्हणाला, "काकू, कामून? उशीर व्हतंय."

"थांबीव म्हनते ना!"

ती उतरली. होर्डिंगखाली जाऊन उभी राहिली आणि आकडीनं वर दाखवून म्हणाली, "रत्नमाला, ती माही सावली हाय."

होती. आई तू काढून टाकलीस, नीट काढलीस, कुठं डाग नाही. जिथं ती उभी होती तिथं गवत भरलंस. पण त्या गवतावर आडवी, लांब, खांद्यावर घोंगडी आणि हातात वाकडी आकडी, अशी एका बाईची सावली पडलेली आहे, आणि बाई नाही. मार्चच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं. स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे तू माझी पत्रं वाचतही नाहीस. मी टोमणा म्हणून पाठवलेला फोटो तू मोठा करून रस्त्यावर टांगलास, आणि आमची सही व्हायच्या आधीच आमच्या रानाचं बुकिंग सुरू केलंस.

सांडू खाली उतरला. त्यानं आधी वर बघितलं, मग आईकडं, मग तिच्या हातातल्या आकडीकडं. म्हणाला, "काकू, तसं नाय. कुनाची बी आसंल सावली. इंटरनेटवरून घेत्यात."

आई म्हणाली, "आरं येड्या, मी हजार मेंढरातून माहं मेंढरू वळखते. मला माही सावली वळखायला येत नाय व्हय?"

ती रडली नाही. मला वाटत होतं ती रडेल, आणि मला तिला घरी घेऊन जावं लागेल. ती सांडूकडं वळली आणि म्हणाली, "भारतला म्हनावं, म्हातारी मेंढी सुदिक विकताना लोक तिच्या तोंडाकडं बघत्यात. जा तू. मी अंगठा देत नाय. हिला बी सही करू देत नाय."

सांडू फाईल घेऊन जीपमध्ये बसला आणि निघून गेला. आम्हाला तिथंच सोडून. त्याची रीत तशीच आहे.

मी पिशवीतून कॅमेरा काढला. का काढला मला माहीत नाही, कचेरीतल्या फोटोसाठी आणला होता म्हणून असेल. आई अजून वर बघत होती, होर्डिंगकडं, पदर मागं घसरलेला, सकाळचं ऊन सरळ तोंडावर. मी कॅमेरा वर केला आणि तिच्या तोंडाभोवती पिवळी चौकट आली. पहिल्यांदा. सुरकुत्या, गोंदण, सगळ्याभोवती नीट चौकोन. दोन फोटो वाया गेले, तिसरा बरा आला. खाली आई उभी आहे, वर तिची सावली. रंग मूळचेच ठेवलेत.

मग परत चालत आलो. उन्हात. वाटेत आई एकदाच बोलली. म्हणाली, "तुला उगंच बोलले परवा." तिचा हात धरला, आकडी मी घेतली. घरी आल्यावर तिनं निवडलेली ज्वारी परत कोठीत ओतली.

आता कॅमेऱ्याबद्दल माझं मत, तू मागितलं होतंस म्हणून. कॅमेरा चांगला आहे. जे समोर धरावं ते दाखवतो, तक्रार करत नाही. बटणं बारीक, बॅटरी कमी, सॉफ्टवेअर आगाऊ. मेनूत राखून ठेवण्याची एक सोय आहे, फोटोवर किल्लीचं चित्र येतं आणि मग तो चुकून पुसला जात नाही. ती किल्ली मी त्या एका फोटोला लावली आहे. बाकीचे सगळे काढून टाकले, सांडूसुद्धा. पूर्ण कार्ड फॉरमॅट केलं तर मात्र किल्ली लावलेलाही जातो, हे पुस्तकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. तुला करायचं असेल तर करता येईल, मी अडवायला तिथं नसेन.

कॅमेरा परत पाठवते आहे. केबल, चार्जर, सीडी, पुस्तक, सगळं डब्यात आहे. हक्कसोडचा कागद तळाशी घडी घालून ठेवलाय, सही-अंगठ्याविना. आप्पासाहेबांनी विचारलं, परत का, बिघडला का? मी म्हटलं, नाही, माझ्या कामाचा नाही.

आई म्हणाली, डबा बांधायच्या आधी असं करून ठेव की उघडल्यावर पहिला तोच फोटो दिसेल. मला वाटलं ती रागानं म्हणतेय. तर म्हणाली, "तेवडं तरी बघंल त्यो माह्याकडं." म्हणून कार्डात एकच फोटो ठेवला आहे. बघायचं बटण दाबलंस की दुसरं काही समोर येणारच नाही.

ती अजून विचारते, तू जेवायला कधी येणार. मी विचारत नाही.

रत्नमाला